जाताना सरळ, येताना डोलतो : पिकअपमागच्या ट्रेलरचं दुखणं

आमची द्राक्षबाग तासगावच्या बाजूला आणि दाजींची बाग वर खानापूर घाटमाथ्यावर, पळशी भागात. दोन बागांत मिळून एक छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं बसवलेला, औषध फवारणारा एक ब्लोअर. ऑक्टोबर छाटणी झाली आणि पावसाळी हवा राहिली की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीनं फवारणीला दिवस-रात्र राहत नाही. आज खाली, उद्या वर. ट्रॅक्टर रस्त्यानं चालवत न्यायचा तर तीसेक किलोमीटरला अर्धा दिवस जातो, म्हणून एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दोनचाकी ट्रेलर बनवून घेतला. पिकअपच्या मागं तो जोडायचा, वर ट्रॅक्टर-ब्लोअर चढवायचा आणि निघायचं.

अडचण अशी, की जाताना ट्रेलर रेषेत चालायचा. येताना ताशी ४५-५० चा वेग आला की डोलायला लागायचा. आधी थोडंसं, आरशात बघितलं तरच कळेल इतकं. मग पिकअपचा मागचा भाग डावीकडे-उजवीकडे ओढल्यासारखा वाटायचा. पहिल्यांदा वाटलं वारा असेल. दुसऱ्यांदा वाटलं रस्ता खराब. तिसऱ्यांदा घाटमाथ्यावरून उतरताना समोरून एक भरलेला ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा दणका बसला आणि ट्रेलरनं असे झोके घेतले की स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. शेजारी पुतण्या बसलेला. पिकअपची डावी चाकं साइडपट्टीवर उतरली आणि आम्ही थांबलो. पोरगं पाच मिनिटं काही बोललं नाही. मग म्हणालं, "आण्णा, ह्यो ट्रेलर मला काय बरा वाटत न्हाई."

त्यानंतरचे दोन आठवडे मी कारण शोधण्यात घातले. पिकअपमागं ट्रेलर ओढणारे आपल्याकडं आता बरेच आहेत. कुणी जनरेटर नेतो, कुणी काँक्रीट मिक्सर, कुणी मंडपाचं साहित्य, कुणी मिनी ट्रॅक्टर. डोलण्याचं हे दुखणं त्यातल्या बऱ्याच जणांना आहे आणि बहुतेक जण ते तसंच चालवून नेतात. म्हणून जे सापडलं ते सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण ती कुठल्याही दुरुस्तीपेक्षा लवकर लागेल. ट्रेलर डोलायला लागलाच तर अॅक्सिलरेटरवरून पाय उचला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवा. ट्रेलर उजवीकडे गेला म्हणून तुम्ही डावीकडे वळवू नका. आपला हात त्याच्या झोक्यापेक्षा नेहमी क्षणभर मागं असतो आणि तेवढ्या उशिरानं तोच झोका वाढतो. जोरात ब्रेक मारू नका. पिकअपला ब्रेक लागतो, मागच्या ट्रेलरला लागत नाही, तो पुढं ढकलत येतो आणि गाडी मधोमध मोडल्यासारखी आडवी होते. उतार असेल आणि पाय उचलूनही वेग कमी होत नसेल तर ब्रेक हलका, थोडा थोडा द्या. आणि "रेस दे, ओढून सरळ होतंय" हा सल्ला तर ऐकूच नका. मला तो तिघांनी दिला होता. दुसऱ्या फेरीत मी तो करूनही पाहिला. क्षणभर ट्रेलर सरळ झाल्यासारखा वाटतो, पण वेग वाढलेला असतो आणि पुढचा झोका आधीच्यापेक्षा मोठा येतो. वेग वाढला की झोका आपोआप विरण्याची ताकद कमी होते आणि एका वेगाच्या वर तर तो विरतच नाही, वाढत जातो.

आता कारणाकडं.

टायरवाल्यानं सांगितलं, हवा कमी आहे. खरंच पिकअपच्या मागच्या एका टायरमध्ये कमी होती. भरली. फरक पडला, पण थोडा. मिस्त्री म्हणाले हुक वाकलाय. नव्हता. गावातले एक जाणते म्हणाले, "मागं वजन टाक, बसंल त्यो." मी ऐकलं आणि ट्रेलरच्या शेपटाला खताची दोन पोती टाकली. त्या दिवशी ताशी ३५ लाच डोलायला लागला. तेव्हा लक्षात आलं की रोगाचा धागा इथंच आहे. मागं वजन टाकल्यानं त्रास वाढतो, म्हणजे वजनाच्या जागेतच काहीतरी चुकतंय.

दोनचाकी ट्रेलर म्हणजे एक तराजू. मध्ये चाकांची आस, तिच्या पुढचं वजन दांडीला खाली दाबतं, मागचं वजन दांडीला वर उचलतं. दांडी पिकअपच्या हुकावर जेवढ्या भारानं बसते त्याला मी दांडीचा भार म्हणतो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार दांडीवर हवा, १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला तर उत्तम. तो कमी झाला की ट्रेलरचं शेपूट जड होतं आणि घड्याळाच्या लंबकासारखं झुलायला लागतं.

आमचा हिशेब असा निघाला. रिकामा ट्रेलर ३५० किलो, ट्रॅक्टर सुमारे ७००, रिकामा ब्लोअर २००. एकूण १२५०. म्हणजे दांडीवर १२५ किलोच्या आसपास हवेत. ट्रेलरच्या आसेपासून हुकापर्यंतचं अंतर १० फूट.

जाताना ट्रॅक्टर घरच्या अंगणात, दिवसा, निवांत चढवलेला असायचा. पुढपर्यंत, अगदी ट्रेलरच्या पुढच्या पाटीला टेकेपर्यंत. येताना दाजींच्या बागेत अंधार, चिखलानं भरलेली चाकं, फळ्यांवरून चढवायचा म्हणून पोरगं घाबरत घाबरत आणायचं आणि अर्धा फूट आधीच थांबायचं. ट्रॅक्टर-ब्लोअर मिळून ९०० किलो. ते अर्धा फूट मागं राहिले की दांडीवरचा भार किती घटतो? ९०० गुणिले अर्धा, भागिले १०. म्हणजे ४५ किलो. फक्त अर्ध्या फुटानं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा सापडली. फवारणी झाली की दाजी ब्लोअरच्या टाकीत साधं पाणी भरून नोझल धुऊन काढायचे आणि उरलेलं पाणी टाकीतच राहायचं. टाकी ४०० लिटरची, निम्मी भरलेली. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि टाकी आसेच्या ४ फूट मागं. २०० गुणिले ४ भागिले १०, म्हणजे दांडीवरचे आणखी ८० किलो गेले.

ट्रॅक्टर पुढं टेकलेला असताना दांडीवर हवे तेवढे १२५ होते असं धरलं, तर त्यातून ४५ गेले आणि ८० गेले. राहिले शून्य.

शिवाय हिंदकळण्याच्या बाबतीत निम्मी भरलेली टाकी ही पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. पाणी आत हिंदकळतं आणि ट्रेलरनं उजवीकडे झोका घेतला की तेही त्याच्या मागोमाग उजव्या बाजूला येऊन आदळतं. झोक्याला झोका मिळत जातो.

तिसरं कारण पिकअपचं. जाताना हौद्यात औषधाचे डबे, खताची पोती, कधी कधी ५०० किलोपर्यंत माल. येताना हौदा रिकामा. रिकाम्या पिकअपचं वजन १७०० किलोच्या आसपास आणि मागचा ट्रेलर पाण्यासकट १४५० किलोचा. ओढणारा हलका आणि ओढलं जाणारं जवळजवळ तेवढंच जड असलं की कोण कुणाला नेतंय हे उतारावर कळत नाही. त्यात जाताना चढ असतो. चढावर ट्रेलर मागं ओढ धरतो, दांडी ताणलेली राहते, म्हणून तो सरळ येतो. येताना उतार, दांडी ढिली आणि ट्रेलर मागून रेटतोय. एकाच वाहनाचं जाताना एक रूप आणि येताना दुसरं, ते याच्यामुळं.

हा हिशेब कागदावर मांडला तरी मला काट्यावर बघायचं होतं. शेजारच्या बेदाणा शेडवर ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा होता, तो मागून आणला. सपाट जागेवर ट्रेलर उभा केला, दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. ट्रॅक्टर नेहमी येताना असतो तसा अर्धा फूट मागं, टाकीत निम्मं पाणी. पिकअप सोडवून पुढं काढली. मी काट्यावर लाकडी ठोकळा ठेवत होतो तोवर पुतण्यानं दांडी धरली आणि एका हातानं वर उचलली. साडेचौदाशे किलोच्या ट्रेलरची दांडी, एका हातानं. तो माझ्याकडं बघत राहिला. ठोकळ्यावर दांडी टेकवली तेव्हा काट्यानं ६ किलो दाखवले.

मग टाकीचा कॉक उघडला. पाणी गळत गेलं तसा आकडा चढत गेला. २०, ४०, ६०... टाकी रिकामी झाली तेव्हा ८५ च्या पुढं होता. ट्रॅक्टर अर्धा फूट पुढं घेतला, १३२. हे तुम्ही स्वतः एकदा करून बघा, कारण काट्यावर आकडा चढताना डोळ्यांनी बघितलं की पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दाजींना मी फोनवर तीनदा सांगितलं होतं, त्यांना पटलं ते त्या दिवशी काट्यापाशी उभं राहिल्यावर.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. दांडी हुकाला लागते तेवढ्याच उंचीवर ठेवून मोजायची. खाली टेकवून मोजली तर ट्रेलर पुढं झुकतो आणि आकडा फसवा येतो. आणि भुईकाट्यावर पिकअप-ट्रेलर एकत्र, मग वेगळे, असं करून वजाबाकीनं दांडीचा भार काढायला जाऊ नका. ट्रकच्या काट्याचं माप पाच-दहा किलोच्या टप्प्यानं जातं आणि दोन वजाबाक्यांत चूक वाढत जाते. एकूण वजनासाठी भुईकाटा, दांडीसाठी छोटा काटा.

उपाय पुढं स्वस्तात झाला. ट्रॅक्टरची पुढची चाकं जिथं थांबायला हवीत तिथं ट्रेलरच्या पत्र्यावर आडवा अँगल वेल्डिंग करून घेतला. आता अंधारात चढवला तरी चाक अँगलला टेकलं की जागा बरोबर. टाकीच्या कॉकला लाल रंग दिला. ट्रॅक्टर फळ्यांवर चढण्याआधी कॉक उघडायचा आणि थेंब थांबेपर्यंत चढवायचा नाही, असा नियम केला. औषधाचं पाणी असेल तर ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका, बागेतच फवारून संपवा, मग साध्या पाण्यानं धुऊन टाकी रिकामी करा.

तुमच्याकडं ट्रॅक्टर आणखी पुढं सरकायला जागाच नसेल तर आस मागं सरकवून घ्यावी लागते. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ते आवळणारे यू-बोल्ट सोडून पुन्हा बसवायचं काम आहे, चांगल्या मिस्त्रीकडून करून घ्या. ट्रेलरवर नेहमी एकच वस्तू जात असेल तरच हा उपाय. वेगवेगळा माल नेणाऱ्यानं आस न हलवता माल लावायची शिस्त बसवावी.

उलट्या बाजूनंही चूक होते. दांडीचा भार फार झाला तर पिकअपची शेपटी बसते आणि पुढचं तोंड उचललं जातं. हूक पिकअपच्या मागच्या चाकांच्या ४ फूट मागं आणि पिकअपच्या दोन्ही आसांत १० फूट अंतर असेल तर दांडीवरच्या १२५ किलोमुळं पुढच्या चाकांवरचे ५० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर १७५ वाढतात. २५० किलो भार पडला तर पुढचे १०० गेले. स्टेअरिंग हलकं लागतं, वळणावर गाडी बाहेर जाते, समोरच्यांच्या डोळ्यांत हेडलाइट जातो. ओळखायची सोपी रीत म्हणजे ट्रेलर जोडायच्या आधी आणि जोडल्यावर पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा. इंचभरापेक्षा जास्त वर आली तर भार कमी करा. आणि दांडीचा भार हा पिकअपच्या मालातच मोजायचा असतो. हौदा काठोकाठ भरून वर दांडीचे सव्वाशे किलो, असा हिशेब चालत नाही. पिकअपला किती वजनाचा ट्रेलर ओढायची परवानगी आहे ते गाडीच्या माहितीपुस्तकात बघा. तिथं आकडा नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

दांडीचा भार बरोबर करूनही ट्रेलर डोलत असेल तर पुढच्या गोष्टी बघायच्या. एका वेळी एकच बदलायची, त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं परत बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही आणि दुखणं पुन्हा उलटतं.

टायर पहिले. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा, ट्रेलरच्या दोन्ही टायरमध्ये सारखी. ट्रेलर वर्षातले दहा महिने उन्हात उभा असतो, त्यामुळं टायर झिजत नाहीत पण तडकतात. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसल्या तर तो टायर नक्षी शाबूत असली तरी काढा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. जुन्या बाजारातून टायर घेताना हे आधी बघा.

मग बेअरिंग. ट्रेलरचं एक चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग ढिलं किंवा गेलेलं. प्रवासात पहिल्या दहा किलोमीटरला थांबून हबला हाताची मागची बाजू लावायची. कोमट ठीक. हात ठेववेना इतकं गरम असेल तर तिथंच थांबा, पुढं चाक निघून जायची वेळ येते.

आस सरळ आहे का, हे बहुतेक जण तपासतच नाहीत. गावात बनवलेल्या ट्रेलरमध्ये ही चूक सहज राहते, त्यात बनवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, मोजायचं राहून जातं. हुकाच्या भोकाच्या मध्यापासून उजव्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत तार ताणून माप घ्या, तसंच डाव्या चाकापर्यंत. दोन्ही मापं सारखी हवीत. आमच्या ट्रेलरला ११ मिलिमीटरचा फरक निघाला. एका बाजूचा यू-बोल्ट ढिला होऊन पाटा सरकला होता. तो सरळ केल्यावर टायर एका बाजूनं झिजायचा तोही थांबला.

ट्रेलर जोडल्यावर बाजूनं बघा, जमिनीशी समांतर हवा. नाक वर असेल तर वजन मागं जातं आणि आपण केलेला सगळा हिशेब बिघडतो. हूक उंच-खाली करायची पट्टी बनवून घेता येते.

आता जोडणीबद्दल, कारण डोलणं जीव घाबरवतं पण ट्रेलर सुटणं जीव घेतं.

आपल्याकडं दोन तऱ्हा आहेत. ट्रॅक्टरसारखा हूक आणि खिळ, किंवा बॉल आणि वरून बसणारी वाटी. हूक-खिळीत खिळ भोकात सैल असते, त्यामुळं प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक रेसला ठोका बसतो. ठोक्यांनी भोक लांबट होतं. खिळीच्या खालच्या टोकाला आर-क्लिप (इंग्रजी R सारखी वाकवलेली स्प्रिंगची पिन) लावा. तार पिळून लावायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडा. तार थरथरीनं तुटते आणि तुटल्याचं कळत नाही. मी माझ्या डोळ्यांनी उसाच्या ट्रॉलीची खिळ तारेवर लटकलेली बघितली आहे. ट्रॉली भरलेली, समोर शाळेची पोरं सायकलवर.

बॉल असेल तर माप जुळतंय का बघा. ५० मिलिमीटरचा बॉल आणि २ इंची वाटी, म्हणजे ५०.८ मिलिमीटरची, ही जोडी डोळ्यांना सारखीच दिसते. नवी असताना धरून राहते. दोन्ही थोड्या झिजल्या की खड्ड्यात वाटी बॉलवरून उडी मारते. बॉलवर आणि वाटीवर माप कोरलेलं असतं, तेच वाचून घ्या. जोडल्यावर खात्री करायची रीत अशी, की दांडीखाली जॅक लावून वर उचला. पिकअपची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली पाहिजे. वाटी सुटून एकटीच वर आली तर ती बसलेलीच नव्हती.

साखळ्या दोन हव्यात आणि दांडीच्या खालून एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून गेलेल्या हव्यात. जोडणी सुटलीच तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. दांडी रस्त्यात रुतली तर मागचा अख्खा ट्रेलर तिच्यावरून उभा राहतो. साखळी वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढिली आणि रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड. नायलॉनची दोरी साखळीच्या जागी चालत नाही. आणि टोचन करायचा रॉड किंवा दोर म्हणजे ट्रेलरची जोडणी नव्हे. बंद पडलेली गाडी टोचन करून दोन किलोमीटर गॅरेजला नेणं वेगळं. तिच्यात माणूस बसलेला असतो, ब्रेक असतो. ट्रेलरमध्ये कुणीच नसतं.

वरचा ट्रॅक्टर बांधणं हेही जोडणीइतकंच महत्त्वाचं. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ब्लोअर खाली उतरवून पत्र्यावर टेकवलेला. हायड्रॉलिकवर अधांतरी ठेवला तर तेल हळूहळू झिरपून तो वाटेत बसतो आणि बांधलेलं सगळं सैल होतं. चारही कोपऱ्यांतून रॅचेटचे पट्टे किंवा साखळ्या, पुढच्या पुढं ओढणाऱ्या आणि मागच्या मागं ओढणाऱ्या. पाच किलोमीटरवर थांबून पट्टे परत आवळायचे. पहिल्या खडबडाटात ट्रॅक्टरचे टायर बसतात आणि पट्टे हमखास सैल पडतात.

उताराचं दुखणं डोलण्यापेक्षा वेगळं आहे. डोलणं थांबलं तरी ते राहतं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर त्याचं सगळं वजन पिकअपच्या ब्रेकवर येतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून धरला की ड्रम-डिस्क तापतात, जळका वास येतो, पेडल घट्ट असून गाडी थांबेना असं होतं. उपाय जुनाच आहे आणि अजून तोच बरोबर आहे. ज्या गिअरमध्ये हा घाट ट्रेलर घेऊन चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मध्येच उतारावर गिअर खाली आणायला जाल आणि तो बसला नाही, तर न्यूट्रलमध्ये अडकाल. इंजिन गाडी धरून ठेवेल. वेग वाढला तर ब्रेक एकदा नीट दाबून वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा, म्हणजे ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो. सागरेश्वर घाट असो, पसरणी असो किंवा पुण्याहून साताऱ्याकडं येताना खंबाटकीचा उतार, सगळीकडं हेच. साताऱ्याहून पुण्याकडं जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावरच एस आकाराचं वळण लागतं. तिथं बोगद्याच्या आतच वेग कमी केलेला असला पाहिजे. वळण दिसल्यावर ट्रेलरसकट ब्रेक मारणं म्हणजे मघाशी सांगितलं तसं मधोमध मोडणं.

महामार्गावर कंटेनर किंवा व्होल्वो बस शेजारून जाते तेव्हा आधी ती तुम्हाला बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. आरशात मोठं वाहन जवळ येताना दिसलं की रेस स्थिर ठेवून स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि लेनच्या थोडं डावीकडं राहा. ट्रेलर भरलेला असताना आम्ही आता सपाट रस्त्याला ४० च्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

दिव्यांचंही एक परत परत येणारं दुखणं आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, किंवा दोन्ही दिवे एकदम अर्धवट पेटतात. बल्ब बदलून काही होत नाही. दोष अर्थिंगचा असतो. ट्रेलरच्या दिव्यांचा करंट हुकातून आणि साखळीतून परत जायचा प्रयत्न करत असतो, आणि तिथं ग्रीस, गंज, धूळ. सॉकेटमधून पिकअपच्या चेसिसपर्यंत अर्थची स्वतंत्र जाड वायर ओढली की कायमचं मिटतं. मागं लाल रिफ्लेक्टर आणि चकाकणारी पट्टी लावाच. गाळपाच्या दिवसांत रात्री आपल्या रस्त्यांवर बिनरिफ्लेक्टरच्या उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल जाऊन आदळल्याची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. दीडशे रुपयांच्या पट्टीनं ती ट्रॉली लांबून दिसली असती.

कागदाचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. याच कायद्याच्या कलम ६१ प्रमाणं ट्रेलरचा नंबर त्याच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसला पाहिजे. विम्यात ट्रेलरचा उल्लेख आहे का, हे पॉलिसी उघडून वाचा. आमच्यात नव्हता, आम्ही घालून घेतला.

आता आमच्याकडं एकच काम राहिलंय, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला तो सक्तीचा आहे आणि आमचा १२५० चा, म्हणजे आम्ही आत्तापर्यंत नशिबावर होतो. धक्क्यावर चालणारा ब्रेक बसवून घेतोय. पिकअपनं वेग कमी केला की ट्रेलर पुढं रेटतो, दांडीतला सरकता दांडा आत जातो, तो लिव्हर ओढतो आणि केबलनं चाकांचे ड्रम धरले जातात. यात दोन गोष्टी मिस्त्रींना आधीच विचारून ठेवल्या. रिव्हर्स घेताना हाच दांडा आत जाऊन ब्रेक धरून ठेवतो, म्हणून रिव्हर्सला सुटणारी रचना हवी किंवा हातानं घालायची अडण. आणि लांब उतारावर इंजिन पिकअपला धरून ठेवत असतं तेव्हा ट्रेलर सतत रेटत राहतो, म्हणजे त्याचे ड्रम सतत घासत राहतात. त्यामुळं घाटाच्या मध्यावर थांबून हबला हात लावून बघणं सुटणार नाही.

ब्रेक बसला की आधी रिकामा ट्रेलर, मग ट्रॅक्टरसकट, तासगाव रस्त्याच्या सपाट पट्ट्यावर पहाटे ताशी २० पासून सुरुवात करून बघणार आहे. बाजूनं पुतण्या उभा राहून दोन्ही चाकं एकाच वेळी धरतात का ते सांगेल. एक चाक आधी धरलं तर ट्रेलर त्या बाजूला ओढला जातो, तेव्हा दोन्ही केबलची ताण सारखी करून परत चाचणी. छाटणीला अजून वेळ आहे.